बुलेटच्या चेंबरमध्ये बोल्ट पडलाय? आधी हात थांबवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं: वडिलांची १९८४ची बुलेट ३५०, बोरिंगसाठी (सिलिंडर आतून कापून घ्यायला) हेड आणि ब्लॉक म्हणजे सिलिंडर उतरवलेला, चेंबरचं, म्हणजे खालच्या क्रँकच्या घराचं, तोंड उघडं. फ्रेमवर काढून ठेवलेला पाव इंची बोल्ट घरंगळून आत गेला. 'टण्ण' आवाज आला. घाबरून तुम्ही रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) दोनदा वरखाली केला आणि दिसत होता तो बोल्टही दिसेनासा झाला. एक मिस्त्री म्हणतो फुल इंजिन खोला, दुसरा म्हणतो राहू द्या, तळाशी पडून राहील.

दुसऱ्या मिस्त्रीचं आधी निकालात काढतो. या इंजिनाचं बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, त्यातून ३४६ सीसी होतात. एवढ्या लांब स्ट्रोकला साजेशा दोन जाडजूड गोल लोखंडी चकत्या आत फिरतात आणि त्यांच्या कडा चेंबरच्या भिंतीला जवळजवळ खेटून असतात. बोल्टाला 'पडून राहायला' तिथे जागाच नाही. आज तळाशी असेल, पण पहिल्या किकला चकती त्याला ओढून भिंतीशी चेपणार. भिंत ॲल्युमिनियमची. तडा गेला तर तुमच्या गाडीचा मूळ इंजिन नंबर असलेला चेंबर गेला, आणि जुन्या गाडीला त्याला पर्याय नसतो. कागदपत्रांचं झेंगट वेगळंच.

पहिला मिस्त्री खोटं बोलत नाहीये, फक्त शेवटची पायरी आधी सांगतोय.

तेव्हा आता किकला पाय लावू नका. गाडी गिअरमध्ये ढकलू नका. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. हवेनं बोल्ट वर येत नाही, आणखी कोपऱ्यात जाऊन बसतो. रॉड सोडून दिला असेल तर तो चेंबरच्या तोंडावर आपटतो, म्हणून रबरी नळीचा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळून ठेवा.

आणि मग, हसू नका, बाहेर शोधा. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. येझदीचं काम करताना एक वॉशर हरवला. आवाज ऐकल्याची माझी खात्री होती. दोन दिवस चेंबरमध्ये बॅटरी मारून बघितलं, शेवटी इंजिन खाली घेतलं, उलटं केलं, वॉशर नाहीच. वॉशर होता गोटी पान्याच्या आत, ग्रीसला चिकटलेला. मी पाना पुसून पेटीत ठेवून दिला होता. तुम्ही बोल्ट डोळ्यांनी पाहिलात हे खरं, पण तो एकटाच पडला का? त्याच्याबरोबर स्प्रिंग वॉशर होता का? काढलेलं सगळं सामान फडक्यावर मांडा आणि काय कमी आहे ते ठरवा. किती वस्तू शोधायच्या हेच माहीत नसेल तर शोध कधी संपला ते कसं कळणार?

ब्लॉक काढताना टॅपेट (वाल्व्हचे दांडे ढकलणारे भाग) कव्हरच्या आतला एक नट सोडवावा लागतो, तो पुष्कळांच्या हातून निसटतो. तो जागेवर मोजून घ्या. टॅपेटच्या खोलीतही एकदा उजेड मारा.

आता मुख्य काम. बोल्ट दोनच ठिकाणी असू शकतो: दोन चकत्यांच्या मधल्या फटीत, जिथे रॉड फिरतो, किंवा त्यातून घसरून तळाला. क्रँकपिन (चकत्यांना जोडणारी, रॉड जिच्यावर बसतो ती पिन) वर असेल तेव्हा रॉडचं खालचं टोक वाट अडवतं. पिन तळाला असेल तेव्हा तेच टोक बोल्टावर बसलेलं असू शकतं. म्हणून पिन पुढे किंवा मागे झुकलेली हवी, साधारण घड्याळातल्या तीन किंवा नऊच्या जागी. तेव्हा फट वरून खालपर्यंत मोकळी दिसते.

तिथपर्यंत क्रँक कसा न्यायचा? गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी हळूहळू फिरवा. दुसऱ्या माणसानं रॉड धरून आत बघत राहायचं. चाक उलटंही फिरवता येतं, तेवढाच या पद्धतीचा मोठा फायदा. हाताला जरा जरी अडथळा लागला तरी तिथेच थांबा आणि मागे या. जोर लावायचा मोह इथेच होतो आणि चेंबर इथेच फुटतो.

उजेडासाठी मोबाइलला जोडता येणारा वायरीचा कॅमेरा घ्या. पुढच्या टोकाला त्याचेच दिवे असतात. फार भारी लागत नाही, फक्त टोक बारीक असलेला बघा.

बोल्ट दिसला की सगळे पहिल्यांदा मॅग्नेटकडे धावतात आणि दोन मिनिटांत वैतागतात, कारण चेंबर ॲल्युमिनियमचा असला तरी चकत्या लोखंडी. मॅग्नेट खाली जाण्याआधीच कडेला चिकटतो. यावर सोपी युक्ती: अँटेनासारखा लांब होणारा बारीक मॅग्नेट घ्या आणि तो प्लास्टिकच्या नळीत असा घाला की फक्त तोंड उघडं राहील. फिशटँकची नळी चालते. कडा झाकल्या की तो बोल्टापर्यंत सरळ जातो. आधी तसाच दुसरा बोल्ट घेऊन मॅग्नेट त्याला उचलतो का ते बाहेर बघा. स्टेनलेस किंवा पितळेचा असेल तर मॅग्नेट विसरा, सळईच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावून उचलायचा. बोल्ट आडवा अडकला असेल तर सायकलच्या चाकाचा आरा घ्या, टोकाला बारीक आकडा वळवा आणि आधी त्याला उभा करा. उचलताना घाई नको. चेंबरच्या तोंडाशी येऊन बोल्ट परत पडतो, हे माझ्या बाबतीत तीनदा झालंय.

नाहीच जमलं तर खालचा ड्रेन प्लग काढून तेल निथळू द्या, घट्ट काळ्या तेलात बोल्ट चिकटून बसलेला असू शकतो. थोडं रॉकेल ओता, चाक किंचित मागेपुढे करा, परत कॅमेरा घाला. प्लगच्या भोकातून बोल्ट बाहेर येईल अशी आशा मात्र ठेवू नका.

त्यानंतरची पायरी इंजिन उतरवण्याची. या फ्रेमला इंजिनाखालून पाळणा नाही, इंजिन हाच फ्रेमचा एक भाग आहे. त्यामुळे ते काढताना फ्रेमला खालून टेकू द्यावा लागतो हे लक्षात ठेवा. हेड-ब्लॉक नसलेलं इंजिन दोघांना उचलता येतं. तेलाची टाकी याच चेंबरच्या मागच्या भागात असते, म्हणून आधी सगळं तेल काढा, नाहीतर अंगावर येईल. परातीवर तोंड खाली करून धरा, क्रँक बोटाबोटानं फिरवा, रबरी हातोडीनं बाहेरून टिचक्या मारा. येझदीच्या वेळी वॉशर निघाला नाही, पण कुणाच्या तरी हातून कधीकाळी पडलेला सर्क्लिपचा (पिन जागेवर अडवणाऱ्या कडीचा) तुकडा निघाला! चेंबरचे दोन भाग सुटे करायची वेळ यानंतरच, आणि माझ्या अंदाजानं तुमच्यावर ती येणार नाही.

बोल्ट हातात आला म्हणजे लगेच ब्लॉक चढवू नका. रॉडवर बोट फिरवा, विशेषतः कडांवर. आडवी खाच लागली तर ती साधी समजू नका, तडा तिथूनच सुरू होतो. वरवरचा ओरखडा असेल तर लांबीच्या दिशेनं पॉलिश पेपरनं काढता येतो, नखाला अडकणारी खाच असेल तर रॉड लेथवाल्याला दाखवा. ॲल्युमिनियमचा कीस दिसला तर चेंबर रॉकेलनं धुतल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. या इंजिनात तळाचं तेल रिटर्न पंप खेचून वर रॉकरकडे (वाल्व्ह दाबणाऱ्या भागांकडे) पाठवतो, त्याबरोबर कीसही जाईल.

काम चालू असेपर्यंत चेंबरच्या तोंडात एकच मोठा फडका कोंबा आणि त्याचं टोक बाहेर फ्रेमला बांधा. चिंध्यांचे चार तुकडे नकोत, त्यातला एक आत राहतो.

बोल्ट निघाला की धुण्याआधी त्याचे आटे आणि डोकं जवळून दिसेल असा फोटो इथे टाका. तुम्ही रॉड वरखाली केलात तेव्हा तो कुठे चेपला होता का, ते त्यावरच्या चकचकीत खुणांवरून सांगता येईल.