‘निर्व्याज गुंतवणूक’ छापायचं का?

निपाणीहून एका छापखानेवाल्यांचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे एक पत्रक छपाईला आलं. मथळा ‘शरीयतनुसार निर्व्याज गुंतवणूक’, आणि आत ‘मुदारबा’ नावाच्या भागीदारीची माहिती. पत्रक आणणारा तरुण म्हणतो, ‘मुदारबा’च लिहा. बरोबर आलेले त्याचे वडील म्हणतात, ‘मुजारबत’. छापखानेवाल्यांना ‘निर्व्याज’ खटकलं म्हणून त्यांनी ‘बिनव्याजी’ सुचवलं, तर वडिलांना तेही पटेना. “बिनव्याजी म्हटलं की लोकांना वाटणार, पैसे घालायचे आणि मिळायचं काहीच नाही. तसं नाही की हो ते!” तर यातलं बरोबर कुठलं, असं त्यांनी विचारलंय.

‘निर्व्याज’ चूक, ‘बिनव्याजी’ अपुरं, आणि वडिलांचा कान दोन्ही ठिकाणी शाबूत. आता का ते सांगतो.

‘निर्व्याज’ आपण कुठं वापरतो? निर्व्याज प्रेम, निर्व्याज हसू, निर्व्याज मैत्री. इथं बँकेतल्या व्याजाचा संबंध नाही. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट, सोंग. व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार ज्यांनी शाळेत घोकलेत त्यांना आठवेल: निंदा केल्याचं सोंग आणून केलेली स्तुती ती व्याजस्तुती. जुन्या मराठीत ‘अमक्याच्या व्याजे’ म्हणजे अमक्याचं निमित्त करून. म्हणून ‘निर्व्याज गुंतवणूक’ याचा मराठीत होणारा अर्थ ‘निष्कपट गुंतवणूक’. ऐकायला छान आहे, पण पत्रकवाल्याला ते म्हणायचं नव्हतं. (आणि ज्या योजनेला ‘आम्ही निष्कपट आहोत’ असं मथळ्यातच सांगावं लागतं, तिथून मी तरी चार पावलं लांब राहीन.)

बहाण्याचा शब्द कर्जावरच्या पैशाला कसा चिकटला? मुद्दल परत घेणं हा सरळ व्यवहार. त्याच्या निमित्तानं वर जे घ्यायचं ते ‘व्याज’, अशी वाट सांगतात आणि मला ती पटते. जुन्या संस्कृत ग्रंथांत या पैशाला निराळे शब्द आहेत, ‘कुसीद’ आणि ‘वृद्धी’. वृद्धी म्हणजे वाढ. हाच ‘वृद्धी’ घासून कन्नडात ‘बड्डी’ झाला. बैलहोंगल किंवा गोकाकच्या बाजारात कुणी ‘असलु, बड्डी’ असा हिशेब सांगितला, तर असलु म्हणजे मुद्दल आणि बड्डी म्हणजे व्याज. इथं एक गंमत बघा. कन्नडानं मुद्दलासाठी अरबी ‘अस्ल’ घेतला, आणि आपला मराठी ‘मुद्दल’ बहुधा कन्नडातल्या ‘मोदलु’चा, म्हणजे ‘आधीचं, पहिलं’ या शब्दाचा भाऊ आहे. मूळ रकमेला नाव द्यायला दोघंही दुसऱ्याच्या दारात गेले. ‘भांडवल’ मात्र दोघांनी वाटून घेतलं, तिकडं ते ‘बंडवाळ’.

तोट्याचं उलटं. कन्नड व्यापारी ‘नष्ट आयतु’ म्हणाला तर दुकान जळालं असं समजून धावत जाऊ नका, तोटा झाला एवढंच.

आता ज्या अरबी शब्दावरून हे पत्रक निघालंय तो बघू. कुराणात मना केलंय ते ‘रिबा’. या शब्दाच्या धातूचा अर्थही वाढणं, फुगणं, वर येणं. म्हणजे रिबा, वृद्धी, बड्डी आणि आपल्या जुन्या ‘वाढीदिढी’तली वाढी, सगळ्यांच्या पोटात एकच कल्पना. वाढीदिढी म्हणजे पेरणीच्या वेळी मणभर धान्य न्यायचं आणि सुगीला दीड मण घालायचं. ‘खाणं’ही सामाईक. कुराणात रिबा ‘खाणारे’ असा शब्दप्रयोग आहे, फारसीतून आलेल्या ‘सूदखोर’मधला ‘खोर’ म्हणजे खाणारा, आणि आपणही म्हणतोच, ‘तो व्याज खातो’. मराठी माणूस नफा कमावतो, पगार घेतो, भाडं वसूल करतो, पण व्याज आणि लाच तो खातो.

‘रिबा’ला मराठीत काय म्हणावं, याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला कोशात मिळालं नाही, एका लिफाफ्यावर मिळालं. बेळगावच्या खडेबाजारात आमच्या ओळखीचे एक वयस्कर शिंपी होते. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, कापड द्यायला येणाऱ्याशी कन्नड. रोज संध्याकाळी ते पिग्मी भरायचे. (पिग्मी हा शब्द मराठी कोशात शोधू नका. उडुपीच्या बँकेनं 1928 मध्ये रोजच्या चिल्लर बचतीची ही योजना काढली आणि आमच्याकडं ते सामान्यनाम होऊन बसलं.) वर्ष संपलं की पैसे हातात यायचे. ते भरलेली रक्कम मोजून गल्ल्यात ठेवायचे आणि उरलेली एका तपकिरी लिफाफ्यात घालायचे. लिफाफ्यावर पेन्सिलीनं मराठीत एकच शब्द: ‘वरचे’. तो लिफाफा घरखर्चात जायचा नाही. कुणा नडलेल्याला गुपचूप दिला जायचा, आणि त्याचं पुण्यही ते आपल्या नावावर धरायचे नाहीत. मी एकदा विचारलं, “चाचा, दान म्हणून द्या की.” म्हणाले, “जो आपलाच नाही, तो पैसा दान कसा करायचा?”

‘वरचे’. रिबाचा इतका अचूक तर्जुमा मी दुसरा पाहिला नाही.

‘बिनव्याजी’ला घेतलेला वडिलांचा आक्षेपही इथंच सुटतो. मराठीत ‘बिनव्याजी’ हे कर्जाचं विशेषण आहे: बिनव्याजी कर्ज, बिनव्याजी उसने, बिनव्याजी हप्ते. घेणाऱ्याच्या सोयीचा शब्द. तोच ‘गुंतवणूक’ला लावला की देणाऱ्याच्या कानाला ‘परतावा शून्य’ असं ऐकू येतं. शरियतीला परताव्याचं वावडं नाही. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली (अध्यायातली) 275वी आयत एका दमात दोन गोष्टी सांगते: व्यापार हलाल (वैध) केला, रिबा हराम (निषिद्ध) केला. पैसा वाढू नये असं म्हणणं नसून, पैशानं धंद्यात उतरल्याशिवाय, बुडायची जोखीम घेतल्याशिवाय वाढू नये असं आहे. आधीच ठरलेला, काही झालं तरी मिळणारा आकडा म्हणजे व्याज. धंद्यात जे होईल त्यातला ठरलेला हिस्सा म्हणजे नफा. आणि ‘नफा’ हाही अरबीच, मूळ अर्थ ‘फायदा, उपयोग’. वडिलांना हवा असलेला शब्द आपल्या तोंडात केव्हाचा आहे.

खरं तर आपला ‘गुंतवणूक’ हा शब्दच या बाबतीत फार प्रामाणिक आहे. तो ‘गुंतणे’पासून आला. पैसा गुंतला म्हणजे अडकला, त्या धंद्याच्या धाग्यादोऱ्यांत सापडला; धंदा ओढला गेला की आपणही ओढले जाणार. मुदत ठेवीत पैसा गुंतत नाही, ठेवलेला असतो. म्हणून तिला ‘ठेव’ म्हणतात. भाषेनं हा फरक ठेवलाय, आपणच बोलताना पुसून टाकलाय. “त्या शेअरला व्याज किती सुटतं?” हा प्रश्न खडेबाजारात रोज ऐकू येतो. शेअरला व्याज नसतं, लाभांश असतो, आणि तोही झाला तर.

आता मुदारबा. एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, निम्मा-निम्मा म्हणा की साठ-चाळीस. दर महिन्याला अमुक हजार असं ठरवलं की तो करार बिघडला, प्रमाणच ठरवता येतं. तोटा आला तर भांडवल भांडवलवाल्याचं बुडतं आणि कष्ट कष्टवाल्याचे. (कष्टवाल्यानं हयगय किंवा लबाडी केली असेल तर गोष्ट वेगळी.) दोघांनीही पैसे घातले तर तो ‘मुशारका’, ‘शरीक होणे’मधला शरीक त्याच घरचा. हे ऐकून कुणाला परकं वाटत असेल तर त्यानं खानापूरकडच्या एखाद्या वस्तीवर जाऊन अर्धलीनं दिलेल्या शेळीची चौकशी करावी. शेळी एकाची, राखणार दुसरा, करडं निम्मी-निम्मी. शेळी वाघरानं नेली तर मालकाची शेळी गेली आणि राखणाऱ्याची वर्षभराची पायपीट गेली. ‘तू मला दर दिवाळीला दोन करडं दे, शेळी जगो की मरो’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर पंचात हसू होईल. ‘अर्धलीनं’ हा शब्द पत्रकात टाकावा असं मला फार वाटतं, पण तरुण मुलगा ऐकणार नाही, हेही कळतं.

राहिला द आणि ज. अरबीत ‘दाद’ नावाचं एक जड व्यंजन आहे. अरब ते द-च्या जवळपास उच्चारतात. इराण्यांनी त्याचा ज केला, आणि आपल्याकडं अरबी शब्द आले ते फारसीच्या गाडीतून. म्हणून आपल्याकडं कर्ज, हजर, अर्ज, कबजा, रजा, काजी, रमजान. या प्रत्येक शब्दात तोच ‘दाद’ बसलाय. अरबी वळणानं बोलायचं तर आपण ‘कर्द’ काढायला हवं आणि शाळेत ‘हादर’ म्हणायला हवं. ‘मुदारबा’ आणि ‘मुजारबत’ हे एकाच शब्दाचे दोन प्रवास आहेत: मुलाचा शब्द आखातातून इंग्रजी कागदांवरून थेट आलाय, वडिलांचा दिल्ली-दख्खनच्या जुन्या रस्त्यानं. मराठीत ज्या रांगेत ‘कर्ज’ उभं आहे, त्या रांगेत ‘मुजारबा’ शोभतो. मी तोच छापेन. कायदेशीर कागद असेल आणि त्यात इंग्रजीबरहुकूम ‘मुदारबा’ असेल तर तिथं मात्र हात लावू नका.

‘हलाल गुंतवणूक’ चालेल का? चालेल, पण या शब्दाची मराठीत झालेली गत आधी बघा. हराम आणि हलाल ही जोडी. त्यातला ‘हराम’ आपण शिवीसाठी नेला (हरामखोर, हरामाचा पैसा, निमकहराम) आणि ‘हलाल’ खाटकाच्या दुकानात बसवला. त्यामुळं ‘हलाल गुंतवणूक’ वाचून काहींच्या डोळ्यांपुढं कोंबडी येते. ‘हरामाचा पैसा’ला मराठीतला खरा विरुद्धार्थी प्रयोग ‘हक्काचा पैसा’ किंवा ‘घामाचा पैसा’. पण वाचणारे मुसलमान असतील तर त्यांना ‘हलाल’चा पूर्ण अर्थ ठाऊक आहेच, तिथं बिचकायचं कारण नाही.

पत्रकात शेअरबाजाराचाही उल्लेख आहे म्हणता. तिथं ‘शरियतीत बसणारे शेअर’ असं सरळ लिहा. निफ्टीचा ‘निफ्टी 50 शरिया’ असा निर्देशांकच आहे. त्याच्या चाळणीत व्याजावर चालणाऱ्या बँका गळतात, दारू-जुगारवाले गळतात, आणि ज्यांच्यावर कर्जाचा बोजा फार ते गळतात. कर्जाची मर्यादा निरनिराळ्या मंडळांची निरनिराळी, ढोबळ मानानं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. गैर मार्गाची मिळकत एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत चालवून घेतात, आणि लाभांशातला तेवढा भाग बाजूला काढून देऊन टाकायचा असतो. थोडक्यात, ‘वरचे’ लिफाफा इथंही आहेच. तंबाखूही बहुतेक याद्यांतून बाहेर असते. निपाणीत बसून हे छापणाऱ्यांना हसू येईल खरं, कारण तुमच्या गावाची अर्धी ओळख तंबाखूची वखार.

एक शब्द आणखी, कारण तो पत्रकाच्या तळाशी मोठ्या टायपात आहे: ‘दामदुप्पट’. हा जुना ‘दामदुपट’, हिंदू कायद्यातला नियम. थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, घेणेकऱ्याची एका वेळची वसुली दुपटीवर थांबलीच पाहिजे. आपला बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात, मग राज्यात होता, आणि तिथल्या कोर्टांत हा नियम चालायचा. ऋणकोचा तो बचाव होता. आज तोच शब्द ‘पाच वर्षांत दामदुप्पट!’ असा आमिषाचा झालाय. शरियतीच्या पत्रकात तर तो दुहेरी चुकीचा: हमखास दुप्पट मिळणार असं आधी सांगितलं की तो नफा उरला नाही, व्याज झालं. कुराणातल्या तिसऱ्या सूरेत ‘दुपटी-दुपटीनं वाढवलेला रिबा खाऊ नका’ असं स्पष्ट आहे, आणि तुमचं गिऱ्हाईक नेमका तोच शब्द लाल शाईत मागतंय. 

असल्या शब्दांच्या अदलाबदलीला फिक्हवाले, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, ‘हीला’ म्हणतात. सायकल 12,000ला वर्षाच्या उधारीवर विकायची आणि त्याच घडीला 10,000 रोख मोजून परत घ्यायची. कागदावर दोन विक्र्या, सायकल भिंतीला टेकलेली तशीच, आणि 2,000 व्याज. उर्दूत ‘हीला-बहाना’ असा जोडशब्दच आहे. आणि बहाण्याला संस्कृतात काय म्हणतात ते वर आलंच. 2019 मध्ये बेंगळुरूत कोसळलेल्या एका योजनेत ठेवीदारांना भागीदार म्हणवलं होतं. हजारो घरांचे पैसे अडकले. नफ्याच्या व्याजानं व्याज, असं वाक्य मी नुसती कोटी म्हणून केलं असतं, पण ते शब्दशः खरं आहे.

तेव्हा छापा: ‘शरियतीनुसार नफ्या-तोट्याच्या भागीदारीची गुंतवणूक’. लांब आहे, पण ‘तोटा’ हा शब्द मथळ्यात असू द्याच. गिऱ्हाईक तो गाळा म्हणालं तर दामदुप्पटही गाळायला सांगा. आणि ‘शरीयत’मधली री ऱ्हस्व करा. वकील, जमीन यांत दीर्घ येतो तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर. इथं ते अक्षर य आहे, म्हणून शरियत.