बोकडाचे मुंडके केसांसकट साच्यावर चढवायचे आहे (म्हणजे टॅक्सिडर्मी). कातडे तुरटीने कमवावे, बाभळीच्या सालीने की क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी)?

तुरटीने कमवा. कारण साच्यावर चढवताना कातडे डोळे, ओठ आणि कानांभोवती ताणले गेले पाहिजे, आणि तुरटीचे कातडे पांढरे, मऊ, ताण घेणारे राहते. बाभळीची साल किंवा हिरडा चपला-पट्ट्यांसाठी उत्तम, पण त्यांतल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) पांढरे केस तपकिरी पडतात, कातडे जाड होते आणि वेळही आठवडोन्‌आठवडे जातो. क्रोम टिकाऊ खरे, पण कातड्यावर निळसर झाक येते आणि उरलेले पाणी घरी कुठे ओतणार?

जुने, चालणारे प्रमाण असे: ४ लिटर पाण्यात ४५० ग्रॅम तुरटी विरघळवा. वेगळ्या २ लिटर पाण्यात ११० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २२५ ग्रॅम मीठ घ्या. हे दुसरे पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी हळूहळू ओता, नाहीतर फेस भांड्याबाहेर येतो. त्याआधी आतले मांस-चरबी पूर्ण खरवडून कातडे मिठात ठेवलेले असावे. इथे घाई केली की केस गळतात, मग कोणतीही पद्धत वाचवत नाही. मग कातडे तुरटीच्या या पाण्यात बुडवून ठेवा. दोन ते पाच दिवसांनी मानेच्या जाड कडेला छोटा छेद द्या. आतपर्यंत पांढरे दिसले की झाले.

मात्र तुरटीचा परिणाम कायमचा नसतो: कातडे पुन्हा भरपूर भिजले तर तुरटी धुऊन निघते. कोकणात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावायचे असेल, तर टॅक्सिडर्मीसाठी मिळणारे तयार सिंथेटिक टॅन (कातडे कमवण्याचे कृत्रिम रसायन) घ्या.