गच्चीवरचं पावसाचं पाणी फिश टँकमध्ये चालतं का?

प्रश्न: सोलापुरात राहतो. बोअरचं पाणी फार जड आहे, टँकच्या काचेवर पांढरा थर बसतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून माशांना वापरलं तर चालेल का? किती दिवस साठवता येतं?

उत्तर:

चालतं. 'पावसाच्या पाण्यानं मासे मरतात' असं जो सांगेल त्याला आधी दोन गोष्टी विचारा. पाणी कुठल्या छपरावरून धरलं होतं, आणि एका दमात किती ओतलं होतं? आमच्या घरात या विषयावर २०१६ पासून वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षीचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी चाललं होतं आणि इकडे उजनी मायनसमध्ये. आमच्याकडे नळ पाच दिवसांनी यायचा. घरात माझा तीन फुटी टँक होता, साधारण १२० लिटरचा. त्यात गप्पी, मॉली आणि दोन एंजल. माणसांना पाणी पुरत नाही तिथं माशांचं पाणी कोण बदलू देणार? मार्च ते जून मी फक्त कमी झालेलं पाणी बोअरच्या पाण्यानं भरत राहिलो. आपल्याकडच्या उन्हात आठवड्याला बादलीभर पाणी सहज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. वरून पुन्हा क्षाराचं पाणी. म्हणजे तीन महिन्यांत माझा टँक बोअरपेक्षाही जड झाला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मासे हळूहळू सवय करून घेत होते, दिसायला ठणठणीत होते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी पूर्व भागातल्या जुन्या घरी होतो. तिथं थोरले बंधू राहतात, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पुढे राहायच्या दोन खोल्या, मागे मागाचं शेड, शेडवर जुना जस्ताचा पत्रा. पन्हाळीतून धो धो पाणी पडत होतं. इतके महिने पाण्यासाठी तरसलेल्या माणसाला ते बघवेना. मी नवा ड्रम खाली लावला, भरून घेतला, रिक्षात घालून घरी आणला आणि त्याच रात्री टँकमधलं निम्मं पाणी काढून तेवढंच पावसाचं ओतलं. सकाळी सहा मॉली तळाला, गप्पी जागच्या जागी डुलत होते, पुढे सरकतच नव्हते. दोन दिवसांत अकरा मासे गेले. एंजल तेवढे वाचले.

धाकट्या मुलीनं गॅलरीतल्या कुंडीत ते मासे पुरले. ती तेव्हा सात वर्षांची होती. अण्णा आले, बघितलं आणि म्हणाले, "पावसाचं पाणी घालून मारलास की बे." तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात ही गोष्ट निघते. त्यांचं म्हणणं एकच. पावसाचं पाणी माशाला सोसत नाही, नाहीतर नदीला पहिला पूर आला की मासे का मरतात?

मी मात्र हे मनावर घेतलं. पुण्याहून केएचची, म्हणजे पीएच टिकवून धरणाऱ्या क्षारांची, टेस्ट किट मागवली. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, दाखवणारा मीटर घेतला. आमच्या बोअरचा टीडीएस ११४०. पुढच्या पावसात गच्चीवर उघड्यावर स्वच्छ पातेलं ठेवून धरलेल्या पाण्याचा १८. केएचच्या चाचणीत द्रावणाचा रंग निळ्याचा पिवळा व्हायला जितके थेंब लागतात तितका केएच. या पाण्यात पहिल्याच थेंबाला पिवळा. म्हणजे पाण्यात काहीच नाही. पावसाच्या पाण्यात विष नसतं, पण ते रिकामं असतं. हे कळल्यावर त्या रात्री काय घडलं ते उलगडलं.

पहिली गोष्ट, क्षाराची सवय झालेला मासा एकदम निम्म्या क्षाराच्या पाण्यात पडला की त्याच्या अंगात पाणी शिरू लागतं आणि ते बाहेर टाकता टाकता तो थकतो. मॉलीला तर जड पाणीच मानवतं, म्हणून ती सगळ्यात आधी गेली. दुसरी, पत्रा. पत्र्यावर चार महिन्यांची धूळ, मागाच्या सुताची कुसं, पारव्यांची घाण. पहिल्या सरीनं ते सगळं धुऊन ड्रममध्ये आलं. घाणीतला अमोनिया माझ्या टँकच्या पाण्यात, म्हणजे आठच्या वर पीएच असलेल्या पाण्यात, फार विषारी होतो. आणि तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. जुन्या पत्र्यावरून थोडं जस्त पाण्यात उतरतंच. जड पाण्यातलं कॅल्शियम माशाच्या कल्ल्यांवर जस्ताला आडवं येतं. पाणी हलकं झालं की ती आड राहत नाही आणि तेवढंच जस्त जास्त बाधतं.

नदीचंही सांगतो. पहिल्या पुरात मासे मरतात ते पावसानं नाही, रानातला सडका पाला, शेण, गटारं पात्रात येतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो म्हणून. शिवाय भीमेत येणारा पाऊस आधी काळ्या रानातून, चुनखडीच्या खड्यांतून मुरत येतो. येता येता क्षार घेऊनच येतो. आपल्या ड्रमातल्या पाण्याला ती वाट मिळालेली नसते. अण्णांना मी हे चार वेळा समजावलंय.

आता तुमचं. पहिला पाऊस धरूच नका. मी पहिले दोन चांगले पाऊस गच्ची धुवायला सोडतो, मग खराट्यानं झाडून घेतो. सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, तोच धरायचा. ६०० चौरस फूट स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशोबानं साडेपाचशे लिटर होतात, थोडं वाया गेलं तरी दोन ड्रम भरतात. स्लॅबवरचं पाणी पत्र्यावरच्यापेक्षा बरं, सिमेंटमधला थोडा चुना घेऊन येतं. ड्रम खाण्याच्या वस्तूंचा घ्या. आपल्याकडे रंगाच्या कारखान्यातले ड्रम स्वस्तात मिळतात, कितीही धुतले तरी ते आणू नका.

नुसतं पावसाचं पाणी कधीही वापरू नका. माशांच्या घाणीतला अमोनिया जिवाणू पचवतात, त्यात केएच खर्च होतो. केएच शून्य असेल तर पीएच घसरतो, आणि सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं कामच मंदावतं. दुकानदार यावर पावडर विकतात. आपल्याला ती कशाला? आपल्या बोअरमध्ये ते सगळं हवं त्याहून जास्त आहे. तीन भाग पाऊस, एक भाग बोअर असं मिश्रण माझ्या एंजलना मानवलं. टीडीएस तीनशेच्या आसपास येतो. टँक आधीपासून जड असेल तर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त बदलू नका, काही महिने लागले तरी लागू दे. आरओ लावा म्हणणारे भेटतील. नळ पाच दिवसांनी येणाऱ्या गावात एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर गटारात सोडायचे, हे मला पटत नाही.

त्या दोन एंजलनी २०१७ च्या ऑक्टोबरात फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली. त्याआधी बोअरच्या पाण्यात दोनदा घातली होती, दोन्ही वेळा पांढरी पडून गेली. या वेळी पिल्लं निघाली आणि त्यातली चाळीसेक जगली. अण्णा म्हणाले, नशीब.

साठवण्याचं राहिलंच. काळ्या किंवा निळ्या ड्रमात, अंधारात, तोंडाला सुती कापड बांधून ठेवलेलं माझं पाणी फेब्रुवारीपर्यंत चांगलं राहतं, मग संपतं. कापड ढिलं राहू देऊ नका, साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. वापरायच्या आदल्या दिवशी हवेची मोटर लावून ठेवा.

नुकतंच वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीवरचं पाणी त्या वर्षी नको. सिमेंटच्या पत्र्याचं मी कधीच धरलं नाही. साखर कारखान्याजवळ राहत असाल आणि गच्चीवर काजळी पडत असेल तर गाळप सुरू व्हायच्या आत ड्रम झाकून टाका.

मासे कुठले ते तुम्ही लिहिलं नाही. नुसते गप्पी-मॉली असतील, किंवा आफ्रिकन सिक्लिड, तर पावसाच्या पाण्याची गरजच नाही. त्यांना आपलं बोअर मानवतं. काचेवरचा थर व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा. एंजल, निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळायचे असतील तरच हा खटाटोप करा.

आणि अण्णा, मुलगी तुम्हाला हे वाचून दाखवणार आहे म्हणून लिहितो. ते अकरा मासे माझ्या घाईनं आणि आपल्या पत्र्यानं गेले. पत्र्याचं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ते घर तुम्ही राखलंय म्हणून जीभ उचलली नाही. या सप्टेंबरात माझ्या गच्चीवर या, ड्रम भरताना तुमच्या हातात मीटर देतो.