एफ-१५० दिली, हायलँडर घेतली. पस्तावलो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमध्ये राहता, सहा वर्षं फुल-साइझ पिकअप वापरताय, पण ती बहुतेक ऑफिस, शाळा आणि किराणा यांतच फिरते. वर्षातून दोन-तीनदा ट्रेलर ओढता. घरचे म्हणतात मिडसाइझ एसयूव्ही घ्या. तेव्हा ज्यांनी असं केलं त्यांना पस्तावा झाला का, आणि पेट्रोल खरंच किती वाचतं?

मी २०२२ च्या उन्हाळ्यात हेच केलं. २०१८ ची फोर्ड एफ-१५० पिकअप दिली (चार दारांची, साडेपाच फुटी हौदा, फोर बाय फोर, २.७ लिटर टर्बो) आणि टोयोटा हायलँडर हायब्रिड ही मिडसाइझ एसयूव्ही घेतली. पस्तावा वर्षातून साधारण चार दिवस होतो. ते चार दिवस कोणते, ते पुढे सांगतो.

आधी ट्रक का घेतला होता तेही सांगायला हवं, कारण तुमचंही कारण तसंच काहीतरी असेल. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं, आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर पाणी भरलं आणि आमची सेदान गॅरेजमध्ये उभ्या उभ्या गेली. त्या पाण्यातून ट्रकवाले ये-जा करताना मी खिडकीतून बघत होतो. विम्याचे पैसे आल्यावर दुसरी कुठली गाडी बघितलीच नाही. पुढे शांतपणे आकडे पाहिले तेव्हा कळलं की माझ्या ट्रकची जमिनीपासूनची उंची हायलँडरपेक्षा दीड इंचानंही जास्त नव्हती. आणि वाहतं पाणी दोन फूट असेल तर ते एसयूव्ही काय, पिकअपही वाहून नेतं, असं इथलं हवामान खातं दर पावसाळ्यात बजावत असतं. म्हणजे ज्या भीतीपोटी ट्रक घेतला, त्या भीतीवरचा तो पुरता इलाज नव्हताच. उंच बसल्यामुळे तसं वाटायचं, एवढंच.

तुम्हाला पहिलं काम सांगतो: गाडीत एक वही ठेवा आणि तीन महिने फक्त एवढंच लिहा की आज हौदा लागला का, आणि कोणासाठी. माझ्या वहीत ९१ दिवसांत ७ नोंदी झाल्या. त्यातल्या ४ दुसऱ्यांच्या होत्या: एकाचा सोफा, एकाचं ट्रेडमिल, एकाच्या मुलीचं कॉलेजच्या खोलीचं सामान आणि एकदा मंडळाच्या खुर्च्या. ट्रक असला की मित्र वाढतात, हे सगळ्या ट्रकवाल्यांना माहीत असतं. माझ्या स्वतःच्या तीन नोंदींपैकी एक तर मल्चच्या (झाडांच्या बुंध्याशी पसरायच्या भुशाच्या) सहा पिशव्यांची होती. त्या कुठल्याही गाडीच्या डिकीत मावतात.

आता पेट्रोल. इथे लोक हमखास फसतात. ट्रक मोठा म्हणून जास्त पितो आणि एसयूव्ही घेतली की खर्च अर्धा होतो, असं आपण धरून चालतो. माझ्या ट्रकचा ईपीएचा, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, सरासरी आकडा गॅलनला २१ मैल होता. आणि २०२३ ची होंडा पायलट, ऑल-व्हील ड्राइव्ह? तिचाही २१. ती खास मिडसाइझ एसयूव्ही आहे आणि साडेतीन लिटरच्या व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनवर चालते. वजन, तीन रांगा, चारही चाकांना ताकद, हे सगळं आलं की इंजिन पितंच. तेव्हा साधी पेट्रोल एसयूव्ही घेऊन पंपावर फार काही वाचेल या आशेवर राहू नका. विशेषतः तुमच्या ट्रकमध्ये लहान टर्बो इंजिन असेल तर. जुना व्ही-एट असेल तर थोडा फरक पडेल.

हायब्रिडमध्ये मात्र हिशोब बदलतो. मला ट्रक प्रत्यक्षात १९ द्यायचा, हायलँडर ३४ देते. वर्षाला १२,००० मैल धरले तर ६३२ गॅलनवरून ३५३ वर आलो. २७९ गॅलन वाचले. तीन डॉलरचा भाव धरला तर आठशे डॉलरच्या वर. बरे आहेत, पण नवीन गाडीचा हप्ता त्यातून सुटत नाही. विम्यात माझा फरक नगण्य पडला. टायर मात्र स्वस्त पडतात, आणि ट्रकचे चार टायर बदलल्यावर आलेलं बिल आठवलं की अजून बरं वाटतं.

मग केलं कशासाठी? गॅरेजसाठी, आईसाठी, आणि एका संध्याकाळसाठी.

गॅरेजचं सोपं आहे. आमचं गॅरेज २० फूट लांब, म्हणजे २४० इंच. ट्रक २३२ इंच. उरले आठ इंच, आणि त्यातच पुढच्या भिंतीला वॉटर हीटर. म्हणून चार वर्षं ट्रक टेक्ससच्या उन्हात बाहेर उभा आणि गॅरेजमध्ये रिकामे खोके आरामात. हायलँडर १९५ इंच आहे. आता गाडी आत जाते, समोर कपाट बसतं आणि त्याच्यासमोर माणूस उभाही राहतो. तुम्ही अजून मोजलं नसेल तर टेप घेऊन आजच मोजा. रुंदीही बघा. आरसे धरून ट्रक आठ फुटांच्या घरात जातो, आणि दुकानासमोर तो दोन पांढऱ्या रेघांमध्ये बसवणं हा रोजचा योगाभ्यास होता.

आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ट्रकला बाजूची पायरी बसवलेली नव्हती. आम्ही घरातला जेवणाचा पाट गाडीत ठेवला. तो खाली टाकायचा, आईने त्यावर चढायचं, मी मागून आधार द्यायचा, मग पाट उचलून आत. देवळाच्या पार्किंगमध्ये लोक बघायचे. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अरे, इतक्या लांब येऊन टेम्पोतच बसायचं होतं, तर मंडईतला काय वाईट होता?" तिच्या दृष्टीनं बरोबरच आहे. आमच्याकडे पिकअप म्हणजे दूध, भाजी, सिमेंट. एकट्या माणसानं लॅपटॉपची बॅग ठेवून ती ऑफिसला न्यायची हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "मागं काहीच नाही मग?" असं ती दर वेळी वळून बघायची.

आणि ती संध्याकाळ. ट्रक ड्राइव्हवेमध्ये रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि बायको दारातून ओरडली. समोरच्या घरातला चारेक वर्षांचा मुलगा तीनचाकी घेऊन बॉनेटच्या अगदी पुढे आला होता. मला तो अजिबात दिसला नव्हता. काही झालं नाही. पण त्या उंच, सरळ उभ्या तोंडाकडे मी नंतर वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. पुढे २०२३ मध्ये इथल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेचा अभ्यास वाचला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच, त्यांची धडक बसली तर पायी चालणारा दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. हायलँडर म्हणजे काही बुटकी गाडी नव्हे. पण तिच्या पुढ्यातलं मला दिसतं.

ट्रेलरचं नीट बघा, कारण त्याचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या हायब्रिडची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड. त्याच सालची व्ही-सिक्स हायलँडर ५,००० ओढते, पायलटही ऑल-व्हील असेल तर ५,०००. गवत कापायचं मशीन, छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट, झाडाच्या फांद्या, एवढं असेल तर ३,५०० पुरतं. झोपायची सोय असलेला ट्रेलर असेल तर बहुधा नाही, आणि कागदावर बसला तरी टेकडीवर गाडी तुम्हाला शिव्या देईल. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा स्वतःहून सांगत नाहीत: ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर), म्हणजे गाडीवर पडतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. हिचवरचा भार त्यातूनच वजा होतो. पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि वर ट्रेलर म्हटलं की तो आकडा पटकन संपतो.

आता ते पस्ताव्याचे चार दिवस. कुजकं शेणखत, मेलेला फ्रिज, ख्रिसमसचं झाड, वादळानंतर पडलेल्या फांद्या. अशी घाण, उंच किंवा वास मारणारी गोष्ट ज्या हवेत आपण श्वास घेतो त्याच हवेत न्यावी लागते, ही एसयूव्हीची खरी अडचण. जागा तशी कमी नाही, मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की भरपूर मावतं. पण हौदा पाइप लावून धुता यायचा. फाळका पाडून त्यावर बसून चहा पिता यायचा. हायलँडरमध्ये एकदा खताची एकच पिशवी फुटली आणि आम्ही दोन आठवडे काचा खाली करून फिरलो.

प्लायवुडची आठवण मात्र लोक उगाच काढतात. साडेपाच फुटी हौद्यात चार बाय आठची शीट फाळका लावून कुठे बसते? फाळका पाडला तरी थोडी बाहेर लोंबते आणि मागे लाल फडकं बांधलेलं बरं. आता मी दुकानातच कापून आणतो. मोठं काही असेल तर यू-हॉलचा पिकअप गावातल्या गावात १९.९५ डॉलरपासून भाड्यानं मिळतो, वर मैलांचे पैसे. वर्षातून चार वेळा घेतला तरी ट्रकच्या एका टायरची किंमत होत नाही.

दुसरी कमतरता तिसऱ्या रांगेची. जाहिरातीत तिथे हसरी माणसं बसलेली असतात. प्रत्यक्षात दहा-बारा वर्षांपर्यंतची मुलं, ती सुद्धा तासभर. तिसरी रांग उभी ठेवली की मागे १६ घनफूट उरतात. भारतातून आलेल्या दोन माणसांच्या चार २३ किलोच्या बॅगा त्यात जात नाहीत. विमानतळावर आम्ही एक बॅग मुलाच्या मांडीवर दिली होती. सहा-सात माणसं नेहमी असतील तर २०२४ च्या मॉडेलपासून आलेली ग्रँड हायलँडर बघा, ती सहा-सात इंच लांब आहे. आणि हो, केटी फ्रीवेवर चढताना पाय दाबला की हायब्रिडचं चार सिलिंडरचं इंजिन मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यासारखं ओरडतं. सवय होते.

मधला पर्याय नाही का? आहे, थोडा. होंडा रिजलाइन, किंवा फोर्ड मॅव्हरिक, हे जरा लहान पिकअप. मॅव्हरिक हायब्रिड पायलटएवढीच लांब आहे आणि मैलही चांगले देते, पण हौदा साडेचार फुटी आणि मागची सीट आईला आवडणार नाही. असे पर्याय इथे इतके कमी का, त्याची गोष्ट गमतीची आहे. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला. अमेरिकेनं १९६४ पासून, इतर काही मालाबरोबर, बाहेरून येणाऱ्या लहान ट्रकांवर २५ टक्के कर बसवून उट्टं काढलं. कोंबड्यांचं भांडण केव्हाच विरलं, ट्रकवरचा कर राहिला. २०२२ पासून पुण्यात टोयोटाची हायलक्स पिकअप विकत मिळते, टेक्ससमध्ये मिळत नाही.

शेवटी विकण्याचं. टेक्ससमध्ये जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेतली तर ६.२५ टक्के विक्रीकर फक्त वरच्या फरकावर लागतो. मला बाहेरचा एक माणूस ३०,५०० देत होता, डीलर २९,०००. वरवर डीलर कमी. पण २९,००० वरचा कर वाचला तो १,८१२ डॉलर, म्हणजे तो सौदा ३०,८१२ ला पडला, आणि अनोळखी माणसांना ट्रक दाखवत फिरणं वाचलं. हा २९,००० चा आकडाही तिसऱ्या फेरीत आला. पहिल्या फेरीत फेंडरवरच्या एका ओरखड्याचं निमित्त करून बरंच खाली सांगितलं होतं. नव्या गाडीचा भाव आधी ठरवा, जुनीचा विषय नंतर काढा. आणि ट्रकवरचं कर्ज त्याच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त शिल्लक असेल, तर यातलं काहीही करू नका. उरलेलं कर्ज नव्या हप्त्यात मिसळून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून परत या.

मंडळाच्या गणपतीचं मखर गेली काही वर्षं माझ्याच ट्रकमधून गोदामातून हॉलवर जायचं. ट्रक गेल्यावर वाटलं, आता फोन येणार नाही. फोन आला. मंडळानं यू-हॉल घेतलं होतं, पण एवढी मोठी गाडी मागे घेऊन दाराला लावायची कोणाची तयारी नव्हती. हायलँडर घेऊन गेलो, ती सावलीत लावली आणि त्यांचा ट्रक चालवून आलो.