विचारा, सांगतो : व्हिसेराचा डबा नेमका अडकतो कुठे?

प्रश्न : काका नमस्कार. माझे थोरले दीर मागच्या पावसाळ्यात भाताला औषध मारताना चक्कर येऊन पडले आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच गेले. पोस्टमॉर्टेम झालं, पण डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयव, लॅबला पाठवला. आता नऊ महिने झाले, पोलीस म्हणतात लॅबचा तपासणी अहवाल, सीए रिपोर्ट, आला नाही, आणि त्याच्याशिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख मिळत नाहीत. जाऊबाई तालुक्याला हेलपाटे घालून दमल्या. पुण्यात एवढी मोठी लॅब असून इतका उशीर का? – एक भगिनी, भोर

उत्तर : ताई, आधी एक काम करा, मग उशिराचं बोलू. पोलीस ठाण्यात जाऊन लॅबची पोच मागा. तारीख आणि केस नंबर असलेला शिक्का मारलेला कागद असतो तो. मी गणेशखिंडीतल्या लॅबमध्ये नोकरीची बरीच वर्षं काढली, आणि लोक सहा-सहा महिने आम्हाला शिव्या घालत यायचे आणि मग कळायचं की डबा अजून ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच आहे, कारण न्यायला शिपाई मोकळा नाही, किंवा डॉक्टरांचं पत्र जोडायचं राहिलंय. पोच असेल तर उशीर लॅबचा, नसेल तर लॅबला अजून काही माहीतच नाही.

आता डबा पोचला असं धरू. त्यात असतं काय, तर पोट आणि त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, हे सगळं मिठाच्या पाण्यात, आपलं साधं मीठच, पण विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं. फॉर्मालिन, म्हणजे अवयव टिकवायचं रसायन, चालत नाही, त्याने बरीच विषं मग हाताला लागत नाहीत. तरी एकदा एका ठिकाणाहून आलेली बरणी उघडली आणि खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, आली होती फॉर्मालिनमध्येच! दुसरी भानगड लाखेच्या सीलची. पत्रावर नमुना सील असतं, ते आणि बरणीवरचं सील जुळलं नाही की नमुना परत, कारण उद्या कोर्टात आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. अहो, पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर जो गदारोळ झाला तो तरी कशावरून, रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डीएनए जुळवून पाहिल्यावर ते बाहेर आलं. मशीन लाखोंचं असो की कोटींचं, ते बाटलीत जे आहे तेच सांगणार.

तपासणी म्हणाल तर यकृताचा लगदा करून त्यातून विष द्रावकात ओढून घ्यायचं, मग काचेच्या प्लेटवर थेंब देऊन ठिपका किती वर चढतो ते बघायचं, संशय आला की जीसी-एमएस या विष ओळखणाऱ्या मशीनवर पक्कं करायचं. एका केसचं हे काम काही महिन्यांचं नाही. वेळ जातो तो रांगेत. मर्डर आणि पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे) नमुने पुढे घ्यावे लागतात, आणि अशा आकस्मिक मृत्यूचे डबे मागे सरकतात. त्यात पदं रिकामी.

आणि १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायलाच पाहिजे. राज्यांना हे लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. माझ्या मते कायदा चांगलाय, पण आज टेबलावर बसलेलाच माणूस उद्या व्हॅनमध्ये बसणार असेल तर तुमचा डबा कोण उघडणार? केंद्राने २०२४ च्या जूनमध्ये २,२५४.४३ कोटींची योजना मंजूर केली, २०२८-२९ पर्यंतची, त्यात नवीन लॅब आणि नॅशनल फॉरेन्सिक युनिव्हर्सिटीचे नवीन कॅम्पस आहेत. म्हणजे माणसं तयार होतील, पण तुमच्या जाऊबाईंना त्याचा आज काय उपयोग.

एक चूक मात्र करू नका, रिपोर्टसाठी थेट लॅबच्या दारात जाऊ नका, तो घरच्यांच्या हातात देत नाहीत. तो पोलिसांकडे जातो आणि त्यावरून डॉक्टर अंतिम कारण देतात. तुम्ही तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या की योजनेसाठी गरज आहे, तुम्ही लॅबला स्मरणपत्र पाठवावं, आणि त्या अर्जाचीही पोच घ्या. आणि तळेगावला जाऊ नका, तिथली लॅब केंद्र सरकारची आहे, तुमचा डबा राज्याच्या लॅबकडे असणार. रिपोर्टमध्ये 'विष आढळले नाही' आलं तरी घाबरू नका, उलटी झाली असेल किंवा बॉडी उशिरा आली असेल तर तसं येऊ शकतं. म्हणून फवारणीचा पंप, औषधाची बाटली यांची नोंद पंचनाम्यात आहे का ते आत्ताच बघून ठेवा.

प्रश्न : सीए रिपोर्ट म्हणजे काय हो, चार्टर्ड अकाउंटंट? आणि हे शास्त्र इंग्रजांनीच आणलं ना? – एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, सीए म्हणजे केमिकल अनालायझर, रासायनिक विश्लेषक. साहेबाच्या काळातलं पद, नाव तोंडात बसलंय ते बसलंय. मद्रासला १८४९ मध्ये केमिकल एक्झामिनरची पहिली लॅब निघाली, मुंबईला १८७०. तेव्हा सगळा भर सोमलावर, म्हणजे आर्सेनिकच्या विषावर, कारण सासरी-माहेरी, इस्टेटीच्या भांडणात तोच घालायचे. राज्याची आत्ताची लॅब १९५८ ची, मुख्यालय मुंबईत कालिन्याला.

इंग्रजांनीच आणलं हे मात्र अर्धंच खरं. बोटांच्या ठशांचा जगातला पहिला ब्यूरो १८९७ ला कलकत्त्यात सुरू झाला, लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये चार वर्षांनी. ठशांची १,०२४ खणांत विभागणी करायचं गणित तिथले आपले पोलीस अधिकारी अझीझुल हक यांनी बसवलं, हेमचंद्र बोस पण त्यात होते, आणि पद्धतीला नाव पडलं त्यांच्या साहेबाचं, बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांचं. आपल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचं श्रेय मात्र हैदराबादचे शास्त्रज्ञ लालजी सिंग यांना नावानिशी मिळालं हे बरं झालं.

प्रश्न : चोरीचा संशय आमच्या कामवाल्या मावशींवर आहे. त्यांची नार्को करता येईल का? – कोथरूड

उत्तर : नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय, संमतीशिवाय नार्को (औषधाने गुंगीत बोलतं करणं), लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग काही करता येत नाही. तक्रार द्या, आणि कपाटाला हात लावू नका, ठसे पुसले जातात.