साबण, सोडा आणि टँकरचे पाणी : वाचकांचे प्रश्न

घरगुती धुलाई आणि साफसफाईबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. चमच्याची मापे सपाट भरलेल्या चमच्याची आहेत. चहाचा चमचा म्हणजे सुमारे ५ मिली, पोह्यांचा म्हणजे १५ मिली.

प्रश्न : अंगाचा साबण किसून त्यात धुण्याचा सोडा मिसळून घरीच पावडर करते. डिसेंबरपर्यंत कपडे छान निघाले. एप्रिलपासून सोसायटीत टँकर येतो, तेव्हापासून पांढरे कपडे करडे दिसतात आणि टॉवेल पापडासारखे कडक होतात. सोडा वाढवू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

सोडा वाढवू नका, कारण तुमच्या पावडरीत काही बिघडलेले नाही, पाणी बदलले आहे. भातसा नदीचे किंवा नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी हलके असते. टँकरचे पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे, म्हणजे जड. शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन म्हटले होते. त्यातला चुना साबणाला धरतो आणि न विरघळणारी चिकट साय तयार होते. ती धाग्यात अडकते, मळालाही धरून ठेवते. बादलीच्या कडेला बसणारी करडी रेघ तीच.

आधी खात्री करा. स्वच्छ बाटली पाण्याने अर्धी भरा, चिमूटभर किसलेला साबण टाकून जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचे पाणी जवळजवळ नितळ राहिले तर पाणी हलके. फेस बसला आणि पाणी ताकासारखे झाले तर जड. टँकर बदलला की ही तपासणी पुन्हा करा.

हाताने धुणार असाल तर १५ लिटरच्या बादलीत आधी फक्त दोन चहाचे चमचे सोडा विरघळवा आणि अर्धा तास थांबा. चुना पांढरा साका होऊन खाली बसतो. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या, मग पावडर आणि कपडे. सोडा आणि कपडे एकदम टाकले तर हाच साका कपड्यांवर बसतो, आणि तुमच्या टॉवेलांचा कडकपणा निम्मा तरी त्यामुळेच आहे. मशीनमध्ये पाणी असे निवळून घेता येत नाही. म्हणून टँकरच्या दिवसांत मशीनला किसलेल्या साबणाची पावडर घालूच नका, साधी डिटर्जंट पावडर वापरा. डिटर्जंटची चुन्याशी अशी साय होत नाही. साबणाची साय मशीनच्या नळीत आणि ड्रमच्या मागे साठते, तिथूनच कुबट वास सुरू होतो.

करडे झालेले सुती कपडे परत आणता येतात. कोमट पाण्याच्या बादलीत एक पोह्यांचा चमचा लिंबूसत्व विरघळवून कपडे अर्धा तास भिजवा, खळबळून पिळा. मग गरम पाण्यात डिटर्जंटने नेहमीसारखे धुवा. एका वेळेत सगळे निघाले नाही तर पुन्हा करा. या धुण्यात ब्लीच अजिबात नको, कारण खाली नेरुळच्या प्रश्नात दिले आहे. रेशीम आणि लोकर सोड्याच्या पाण्यात कधीही घालू नका.

प्रश्न : आमचा बचत गट भांड्यांचे लिक्विड बनवतो. कधी पाण्यासारखे पातळ होते, कधी दुसऱ्या दिवशी जेलीसारखे. काही ताया सांगतात, हात चुरचुरतात. प्रमाण कुठे चुकते? (कळवा)

तीन वेगळ्या तक्रारी, तीन वेगळी कारणे. हात चुरचुरतात कारण ॲसिड स्लरी (मळ काढणारा आम्लधर्मी, दाट कच्चा माल) पुरती मारली जात नाही, म्हणजे तिचे ॲसिड शिल्लक राहते, किंवा ते मारणारा कॉस्टिक सोडा जास्त पडतो. दहा लिटरसाठी १ किलो स्लरी (९० टक्क्यांची) घेतली तर कॉस्टिकच्या पापड्या साधारण १२० ग्रॅम लागतात. पण प्रत्येक डब्यातली स्लरी थोडी वेगळी असते, तेव्हा निर्णय वजनकाट्यावर न सोडता पीएच पट्टीवर सोडा. ही कागदी पट्टी रंग बदलून ॲसिड जास्त (७ च्या खाली) की कॉस्टिक जास्त (७ च्या वर) ते दाखवते.

१ लिटर पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकत विरघळवा. कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही, ते उसळून अंगावर येते. हे पाणी चांगलेच तापते, पूर्ण थंड होऊ द्या. दुसऱ्या टबात ५ लिटर पाणी घेऊन स्लरी सावकाश ढवळत मिसळा, मग कॉस्टिकचे पाणी बारीक धारेने सोडा. नऊ दशांश पाणी गेले की पट्टी लावा, पुढचे एकेक पोह्यांचा चमचा टाकून प्रत्येक वेळी तपासा. पट्टी ७ दाखवू लागली की थांबा, पाणी उरले तर उरू द्या. टब प्लास्टिकचा किंवा स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कोणीही टबाजवळ बसू नये. याबाबतीत ओळखीपाळखीची सवलत देऊ नका.

फेसासाठी ५०० ग्रॅम एसएलईएस पेस्ट आदल्या रात्री २ लिटर पाण्यात भिजत ठेवा. ऐन वेळी टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या तासभर ढवळूनही फुटत नाहीत. ती टबात मिसळून, पाणी घालून मिश्रण साडेनऊ लिटर करा.

आता दाटपणा. तो मिठाने येतो, पण मीठ एका मर्यादेपर्यंतच दाट करते आणि त्यापुढे तेच मीठ लिक्विड पुन्हा पातळ करते. हे ठाऊक नसल्यामुळे पातळ झाले की आणखी मीठ टाकले जाते. अर्ध्या लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ विरघळवा, मिश्रण थंड झाल्यावर त्यातले १०० मिली टाका, दहा मिनिटे थांबून बघा, मग पुढचे. गरम मिश्रणात दाटपणा कळत नाही, म्हणून हात सैल सुटतो आणि सकाळी जेली होते. जेलीत साधे पाणी घातले की सुटते. मीठ जास्त झालेले लिक्विड मात्र मीठ न घातलेल्या नव्या घाण्यात थोडे थोडे जिरवावे लागते.

टिकण्यासाठी लोणच्या-सरबतातले सोडियम बेंझोएट घालू नका, ते आंबट पदार्थातच काम करते. दुकानदाराकडून पीएच ७ ला चालणारे प्रिझर्व्हेटिव्ह मागून घ्या. आणि लिक्विड कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही विकू नका. मूल ती बाटली ओळखते आणि सरळ तोंडाला लावते.

प्रश्न : संत्र्या-लिंबाच्या सालींचे बायोएन्झाइम केले. एका बाटलीत वर पांढरा थर आला, एकीत काळी बुरशी. कोटा फरशीला चालेल का? (ऐरोली)

बायोएन्झाइम म्हणजे गुळाच्या पाण्यात साली आंबवून केलेला साफसफाईचा द्रव. प्रमाण १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. दोन लिटरची प्लास्टिक बाटली घ्या, काचेची नको, आत वायू साठून ती फुटू शकते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, तीन महिन्यांनी गाळायचे. पांढरा थर बहुधा यीस्टचा असतो, त्याने बिघडत नाही. काळी किंवा हिरवी बुरशी मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या सालींवर वाढते. ती बाटली टाकून द्या, आणि पुढच्या वेळी रोज बाटली हलवून साली बुडवत राहा.

कोटा आणि संगमरवर, दोन्हींना नाही. द्रव आंबट असतो आणि या दगडांत चुना आहे. पॉलिश खाल्ले जाते आणि ते पुसून परत येत नाही. तिथे बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. टाइल्सवर ५ लिटर पाण्याला अर्धा कप वापरा. पण हे जंतुनाशक नाही. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : सिंकच्या मोरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओततो. फसफसते खूप, पण तुंबलेले निघत नाही. (नौपाडा)

फसफसण्यातच दोघे एकमेकांना संपवतात, उरते जवळजवळ मीठपाणी. तेलाचा थर असेल तर अर्धा कप धुण्याचा सोडा टाकून वर एक तांब्या कढत पाणी ओता. पंधरा मिनिटांनी पुन्हा एक तांब्या. पाइप प्लास्टिकचा असेल तर उकळते नको. तरीही तुंबले असेल तर सिंकखालचा ट्रॅप (पाइपचा वळणदार भाग) उघडून हाताने साफ करणे हाच उपाय.

प्रश्न : संडासात टॉयलेट क्लीनर टाकून वर ब्लीच ओतले. डोळे चुरचुरले आणि खोकल्याची ढास लागली. असे का झाले? (नेरुळ)

तो क्लोरीन वायू होता, फुफ्फुसे जाळणारा. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. कोणतेही ॲसिड, अगदी लिंबूसत्व किंवा व्हिनेगरही, ब्लीचमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये पडले की हा वायू सुटतो. पुन्हा असे झाले तर पाणी ओतत उभे राहू नका. आधी बाहेर या, दार लावा, घराच्या खिडक्या उघडा. दम लागत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा, आणि कामाला येणाऱ्या मावशींना हे आजच सांगा.

प्रश्न : रिठ्याच्या पाण्यात रेशमी साडी धुवायची आहे. पाणी किती दिवस टिकते? (ठाणे पूर्व)

बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. बिया काढलेली ५० ग्रॅम साले १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, पंधरा मिनिटे उकळा, फडक्याने गाळा. एका साडीला अर्धी बादली गार पाणी आणि एक पेला हे पाणी पुरते. पांढऱ्या रेशमावर किंचित पिवळट छटा येऊ शकते, आणि गडद साडीचा रंग सुटू शकतो. तेव्हा आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर पाणी लावून, पांढऱ्या फडक्याने दाबून बघा.