वाचकांचे प्रश्न : कमी वारंवारतेचा स्फटिक लहान कसा?

प्रश्न : बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ आणि एक जुना मोडेम मी उघडून पाहिला. घड्याळातील क्वार्ट्झ स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत आहे आणि त्याची वारंवारता ३२,७६८ हर्ट्झ असते, असे वाचनात आले. मोडेममधील स्फटिकाची चपटी डबी त्याहून बरीच मोठी असून तिच्यावर १६ मेगाहर्ट्झ असे लिहिले आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते. मग येथे उलटे कसे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, कारण दोन्ही स्फटिक एकाच रीतीने कंप पावत असते, तर घड्याळातला खरोखरच मोठा निघाला असता. डबीतील स्फटिक म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर व्यासाची पातळ चकती असते. पत्त्यांच्या कॅटवर तळहात ठेवून तो किंचित पुढे-मागे सरकवला, की वरचे पत्ते एकीकडे आणि खालचे दुसरीकडे सरकतात. चकतीचे दोन पृष्ठभाग असेच परस्परविरुद्ध सरकत राहतात. या प्रकारात वारंवारता मुख्यतः जाडीवर ठरते, आणि हिशेब सोपा आहे : १.६६ला मेगाहर्ट्झने भागले की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १६ मेगाहर्ट्झसाठी ती ०.१०४ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाएवढी येते. याच सूत्राने घड्याळाचा स्फटिक घडवायचा म्हटले, तर पाच सेंटिमीटर जाडीची वडी लागेल, आणि व्यास जाडीच्या अनेक पट ठेवावा लागत असल्याने ती परातीएवढी होईल!

म्हणून घड्याळात नादकाट्याचा आकार वापरतात. नळीचे टोक कानशीने घासून उघडले आणि भिंगाखाली धरले, तर सुमारे अडीच मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटरच्या आसपास रुंद अशा दोन भुजा दिसतात. त्या वाकतात, आणि वाकणाऱ्या बारीक भुजेची वारंवारता तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात व लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे लांबी दुप्पट केली की वारंवारता चौथाईवर येते. डिसेंबर १९६९मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या सेको ॲस्ट्रॉन या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळातला नादकाटा ८,१९२ हर्ट्झचा होता. आजचे ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. भुजा दोन असण्याचेही कारण आहे : त्या एकाच वेळी विरुद्ध दिशांना हलतात, त्यामुळे बुंधा जवळजवळ स्थिर राहतो आणि आधारातून ऊर्जा झिरपत नाही. हवेचाही अडथळा नको म्हणून नळी निर्वात करतात. इतके नाजूक काम करवतीने होत नाही. छपाईच्या तंत्राने आकृती उमटवून बाकीचा भाग आम्लाने खाऊ देतात आणि भुजांच्या टोकांवरचा धातू लेझरने थोडाथोडा उडवून वारंवारता जुळवतात.

चकतीची अडचण वेगळी असते. १६ मेगाहर्ट्झच्या चकतीत दशलक्षात दहा भागांइतकी अचूकता हवी असेल, तर जाडीतली चूक एका नॅनोमीटरहून मोठी चालत नाही, आणि अशी अचूकता कोणत्याही घासकामाने येत नाही. त्यामुळे घासणे जवळपास आणून थांबवतात आणि उरलेला फरक चकतीवरच्या चांदीच्या किंवा सोन्याच्या मुलाम्यात भर घालून अथवा घट करून काढतात. चकती मूळ स्फटिकातून कोणत्या कोनात कापली, हेही जाडीइतकेच महत्त्वाचे असते. १९३४मध्ये पुढे आलेल्या ‘एटी’ कटाचा कोन सुमारे ३५ अंश १५ कला आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). तो काही कलांनी जरी चुकला, तरी तापमानाबरोबर वारंवारता ढळण्याची रीत बदलते.

प्रश्न : मी हौशी रेडिओचालक आहे. माझ्याकडे स्क्रू काढून उघडता येणारा, ७.०१० मेगाहर्ट्झचा जुना स्फटिक आहे. घासून तो ७.०३० मेगाहर्ट्झवर नेता येईल काय?

उत्तर : येईल, कारण घासल्याने जाडी कमी होते आणि वारंवारता वाढते. मात्र किती घासायचे ते आधी लक्षात घ्या : तुमची पट्टी सुमारे ०.२३७ मिलिमीटर जाड आहे आणि तिच्यातून एक मायक्रॉनही काढायचा नाही, त्याचा दोन तृतीयांश भाग काढायचा आहे. जाड काचेवर अतिशय बारीक घर्षणचूर्ण पाण्यात कालवून घ्या, पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हलक्या बोटाने फिरवा आणि काही फेऱ्यांनंतर साबणाने धुऊन, वाळवून मोजत राहा. बोटांचा तेलकटपणा राहिला तरी मोजमाप फसते. मध्यभाग कडांपेक्षा किंचित उंच राहिलेला चालतो, उलट तो उपकारकच असतो, कारण पातळ कडांची स्वतःची वारंवारता जास्त असल्याने कंपन तिकडे पसरत नाही आणि मध्येच कोंडून राहते. कमी मेगाहर्ट्झच्या चकत्या म्हणूनच मुद्दाम भिंगासारख्या फुगीर करतात. मध्य खोलगट झाला, तर मात्र स्फटिक कंप पावणेच सोडून देतो, आणि अशा वेळी कडा थोड्या घासून पाहाव्या लागतात. अंदाज चुकून वारंवारता थोडी पुढे गेली, तर पट्टीच्या मध्यावर शिसपेन्सिलीने हलके गिरवा. त्या ग्रॅफाइटच्या वजनाने ती थोडी खाली येते.